ढाल का गेली

आमच्या फुटबॉल टीमच्या मॅनेजरला कमिटीनं काढल्याची बातमी टांगेवाल्यानं आणली. मी तेव्हा कर्जतच्या बाजारपेठेत शिंपीकाकांच्या दुकानात कुणाच्या तरी सदऱ्याची काजं करत बसलो होतो. टांगा स्टेशनसमोर सोडून तो चालत आला, दुकानाच्या ओट्यावर टेकला, विडी पेटवली आणि म्हणाला, "काढला एकदाचा."

कुणाला, ते कुणी विचारलं नाही. शिंपीकाकांनी मशीन थांबवलं. शेजारी वर्तमानपत्र वाचत बसलेल्या गुरुजींनी चष्मा कपाळावर सरकवला. मराठी शाळेत शिकवणारे हे गुरुजी शाळा सुटली की रोज आमच्या ओट्यावर येत.

"कोण म्हणालं?" गुरुजींनी विचारलं.

"शेटच्या गिरनीत कमिटी बसली होती. मीच दोगांना टांग्यातून सोडलं. येताना बोलत होते."

"आणि तो काय म्हणाला?"

"तो काय म्हननार? मैदान खराब होतं म्हनाला असंल."

तिघं हसले. मी मान वर केली नाही. काज उसवतं आहे असं दाखवून मी दोरा पुन्हा ओवायला घेतला.

फुटबॉल आमच्याकडे रेल्वेच्या लोकांनी आणला. घाट चढायला गाडीला मागून जादा इंजिन जोडायचं ते कर्जतला, त्यामुळे ड्रायव्हर, फायरमन यांची वस्ती मोठी. संध्याकाळी ते यार्डाच्या पलीकडे बूट घालून खेळत आणि गावातले लोक कुंपणाला टेकून बघत. पुढे गावातल्या तरुणांनीही चेंडू आणला. भातकापणी झाली की नदीकडच्या खाचरांचे बांध मोडून, वर रूळ फिरवून मैदान करायचं. पायात बूट नाहीत, घोट्याला फडकं बांधलेलं. खालापूरकडच्या एका इनामदारानं वडिलांच्या नावानं चांदीची ढाल ठेवली, तेव्हापासून या खेळाला गावाच्या अब्रूचं रूप आलं. दर हिवाळ्यात नेरळ, खोपोली, खालापूर, कर्जत अशा टीमा त्या ढालीसाठी भांडत. आमची कमिटी झाली. भाताच्या गिरणीचे शेट अध्यक्ष झाले आणि एका वकिलांच्या मुलाला त्यांनी मॅनेजर नेमलं.

हा वकिलांचा मुलगा मुंबईला कॉलेजात होता. परीक्षा राहिली, पण तिथं तो फुटबॉल शिकून आला होता. गोरा, उंच, नेहमी इस्त्रीचा कोट. मी त्या वेळी शेटच्या गिरणीत इंजिनावर तेलपाणी करायला होतो. घर कळंबला, राहायला कर्जतला मामाकडे. अंगानं दणकट आणि पळायला हलका, म्हणून शेटनीच मला टीममध्ये घातलं होतं.

तो यायच्या आधी आम्ही कसे खेळायचो ते सांगतो. चेंडू जाईल तिकडे सगळे धावायचो. मधमाश्या उठाव्यात तसे. पहिल्याच दिवशी त्यानं आम्हाला चेंडूशिवाय उभं केलं आणि म्हणाला, "आज कुणी पळायचं नाही. कुठं उभं राहायचं ते आधी शिका." आम्हाला तो अपमान वाटला. पण मला त्यानं डाव्या बाजूला मागं उभं करून जे शिकवलं ते मी अजून विसरलो नाही. "समोरचा आला की तू त्याच्या अंगावर जाऊ नकोस. थांब. त्याला घाई होऊ दे. त्याचा चेंडू पायापासून हातभर लांब गेला की मग जा." मी थांबायला शिकलो. पहिल्या हिवाळ्यात माझ्या बाजूनं फारसं कुणी पुढं गेलं नाही. तो मला सगळ्यांदेखत "माझा फुलबॅक" म्हणायचा. मला ते फार गोड लागायचं. त्याच्या मागून मी नदीपर्यंत चालत जायचो आणि तो बोलेल ते ऐकायचो. माझ्या बापानंही मला कधी इतकं समजावून काही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही फायनलला पोचलो. फायनलच्या आधीचा सामना नेरळशी होता. त्यात त्यांच्या एका गड्याची लाथ माझ्या उजव्या गुडघ्याच्या वाटीवर बसली. सामना आम्ही जिंकलो, पण मला दोघांच्या खांद्यावर हात टाकून बाहेर यावं लागलं. मामानं मला बैलगाडीनं कळंबला पोचवलं. आमच्याकडे हाड बसवणारा एक म्हातारा होता. त्यानं गुडघा दाबून पाहिला, लेप लावला आणि आईला बजावलं, "सूज उतरस्तवर पाय भुईला लावू द्यायचा नाय. आत चीर गेली असंल. आता जपला तर जपला."

फायनल जवळ आली आणि मॅनेजर टांगा करून आमच्या घरी आला. कळंबला आमच्या घरी कोटातला माणूस येण्याची ती पहिलीच वेळ. बापानं घोंगडी अंथरली. आई दाराआड उभी राहिली. मी खाटेवर होतो.

"कसा आहे माझा फुलबॅक?" तो म्हणाला.

"सूज हाय अजून," मी म्हणालो. "पाय टेकवत नाय."

त्यानं लेपावरून हात फिरवला. "अरे, ही वरची सूज आहे. मी कॉलेजात असे किती गुडघे पाहिलेत. घट्ट पट्टा बांधू. तू नुसता उभा राहा. तुला बघूनच त्यांचे पुढचे दचकतात."

"म्हातारा म्हनतो चीर गेलीय."

"म्हातारा बैलांची हाडं बसवतो," तो हसून म्हणाला. मग बापाकडे वळून त्यानं आवाज खाली आणला. "गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे. शेटचंही लक्ष आहे. बाकी तुमच्या त्या बांधाच्या कामाचं बाबा परवाच बोलत होते. पुढच्या तारखेला होईल म्हणाले."

आमचा शेजारच्याशी बांधावरून वाद कचेरीत चालू होता आणि आमचे वकील म्हणजे याचेच वडील. बांधाचा आणि फुटबॉलचा काही संबंध आहे असं तो बोलला नाही. तशी गरजच नव्हती.

आई दाराआडून म्हणाली, "आदी त्याचा पाय बगा, मग काय ते बोला."

"तू गप रं," बाप मला म्हणाला. मी काही बोललोच नव्हतो. आईला बोलायचं ते तो मला बोलला. मग मॅनेजरला म्हणाला, "तुमी म्हनता तर येल तो."

मी बापाला कधी दोष दिला नाही. बांध गेला असता तर खाचराचं पाणी गेलं असतं आणि पाणी गेलं तर भात गेलं. त्याच्यापुढे एका पारड्यात ते होतं आणि दुसऱ्या पारड्यात एक सुजलेला गुडघा, तोही कोटातला शिकलेला माणूस वरवरचा आहे म्हणत असलेला.

फायनल खोपोलीला होती, तळ्याच्या मागच्या मैदानावर. समोर खोपोलीचीच टीम. तिथं विजेच्या कारखान्याचं काम, त्यामुळे त्यांच्याकडे बाहेरून आलेले दणकट कामगार होते आणि निम्म्यांच्या पायांत बूट. मॅनेजरनं स्वतःच्या हातानं माझा गुडघा बांधला. इतका घट्ट की पोटरी बधिर झाली. मी उभा राहिलो. अर्धा खेळ होईपर्यंत खरंच कुणी माझ्या बाजूला आलं नाही, कारण मी लंगडतो आहे हे त्यांना कळलं नव्हतं. आम्ही एका गोलानं पुढं होतो. हाफटाइमला पट्टा सोडून पाहिला तर गुडघा काळानिळा. मी म्हणालो, "साहेब, आता नाय जमनार. वाकवताच येत नाय."

"वाकवू नकोस," तो म्हणाला. "सरळ ठेव." आणि पुन्हा बांधला.

पुढं काय झालं ते मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. त्यांचा एक पुढचा गडी चेंडू घेऊन आला. मी थांबलो, शिकवल्यासारखा. त्याचा चेंडू हातभर लांब गेला. मी उजव्या पायावर भार टाकून वळलो आणि आत काहीतरी वाळक्या फाट्यासारखं मोडलं. तो आवाज बाजूला उभ्या असलेल्या लोकांनीही ऐकला म्हणतात. मला चौघांनी उचलून कडेला ठेवलं. बदली माणूस घ्यायची पद्धत त्या काळी नव्हती. दहा जण खेळले आणि हरले.

सामना संपल्यावर मैदानावर मोठी बाचाबाची झाली. रेफरी खोपोलीचा होता, एक गोल खोटा दिला, असं आमचे लोक म्हणत होते. मॅनेजर इनामदाराच्या खुर्चीपुढे उभा राहून हातवारे करत होता. मी तळ्याच्या बाजूला एका फळीवर पडलो होतो आणि तो कधी येतो याची वाट बघत होतो. तो आला नाही. मला स्टेशनवर पोचवलं ते शिंपीकाकांनी आणि टांगेवाल्यानं. सामना बघायला ते कर्जतहून आले होते. टांगेवाला वाटभर रेफरीला शिव्या देत होता.

कर्जतच्या डॉक्टरांनी मुंबईच्या इस्पितळात न्यायला सांगितलं. बाप तयार झाला नाही. मुंबईला नेलेला पाय कापतात असं त्याच्या मनात होतं. त्याच म्हाताऱ्यानं पुन्हा फळ्या बांधल्या. हाड धरलं, पण गुडघा वाकायचा राहिला तो कायमचा. आवणीला, भात लावायला चिखलात उतरता येईना, बांधावरून चालता येईना, उकिडवं बसता येईना. गिरणीत शेटनी दुसरा माणूस घेतला होता. शेवटी शिंपीकाकांनी मला बोलावलं. "हात चांगले हायत ना? मग बस माझ्याजवळ," ते म्हणाले. त्यांच्याकडे एक जुनं हातमशीन पडून होतं. उजवा पाय बाकावर सरळ पसरून मी ते चालवायला शिकलो. त्या माणसाचे उपकार मी मानतो. पुढं जे लिहितो आहे ते त्यांच्यावर राग म्हणून नाही.

त्या ओट्यावर मी वर्षभर एकच चर्चा ऐकली. ढाल का गेली. शिंपीकाका म्हणत, चेंडूचं ब्लॅडर नीट नव्हतं, ते आधी बघायला हवं होतं. टांगेवाला म्हणे, पुढच्या गड्यांना बूट घालून खेळवायला हवं होतं. गुरुजींचं म्हणणं, एक गोल झाल्यावर टीम मागं घ्यायला नको होती. रोज नवं कारण निघे आणि रोज त्यावर वाद होई. फुलबॅक जायबंदी झाला हे कुणी म्हटलं तर ते ऊन डोळ्यांवर होतं म्हटल्यासारखं. मी तिथंच, बाकावर पाय पसरून. त्यांचा पाय माझ्या पायाला लागला तर "लागलं का रं?" असं विचारायचे आणि पुढं बोलायला लागायचे.

तिसऱ्या हिवाळ्यात आमची टीम पहिल्याच सामन्यात हरली. मॅनेजरनं गावभर कारणं सांगितली. भाताच्या झोडणीमुळे खेळाडू सरावाला आले नाहीत. वाडीवरचा जो वेगानं पळणारा ठाकराचा गडी होता तो ऐन वेळी घरच्यांबरोबर कोळशाच्या भट्टीवर गेला. मैदान कडक होतं. ओट्यावर त्याच्या कारणांची नक्कल होऊ लागली. कुणाचा सदरा वेळेवर तयार नसला की टांगेवाला म्हणायचा, "काका, मैदान कडक होतं का?" मग कमिटी बसली आणि त्याला काढलं.

काढल्यावर थोड्या दिवसांनी तो स्वतः दुकानात आला. नवीन कोट शिवायचा होता. तिघंही ओट्यावर होते. नक्कल करणारा टांगेवाला उठून उभा राहिला आणि त्यानं बसायला जागा करून दिली. शिंपीकाकांनी डोळ्यांनी मला खुणावलं, कारण मापं घेण्याचं काम तोवर माझ्याकडे आलं होतं. मी काठी घेऊन उठलो आणि टेप त्याच्या खांद्याला लावला. त्यानं माझा गुडघा बांधला त्या दिवसानंतर आम्ही पहिल्यांदाच इतके जवळ आलो होतो.

"बरा आहेस ना?" तो म्हणाला.

"हाय," मी म्हणालो. "हात वर करा."

गुरुजींनी खाकरून विचारलं, "तुमच्या बाबतीत कमिटीनं जरा घाईच केली, नाही?"

त्याला तेवढंच हवं होतं. तो बोलू लागला. शेटला खेळातलं काही कळत नाही. सरावाला माणसं दिली नाहीत. बूट मागितले ते आले नाहीत. पहिल्या वर्षी टीम कुठं होती आणि त्यानं कुठं नेली ते कुणी बघत नाही. मी छातीचं माप घेतलं, कमरेचं घेतलं. तो बोलतच होता आणि त्याचा श्वास टेपखाली वरखाली होत होता.

"आणि ती फायनल आम्ही जिंकलेलीच होती," तो म्हणाला. "एका गोलानं पुढं होतो. फुलबॅक पडला. दहा माणसांनी मी काय करायचं होतं?"

मी त्याच्या पाठीमागं होतो, बाहीचं माप घेत. मी माप पूर्ण केलं आणि मग म्हणालो, "मी पडलो नाय साहेब. आदीच पडलेला होतो. तुमी उबा केला होता."

त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्याच्या तोंडावर. खरोखरच गोंधळल्यासारखा दिसला.

"मी जबरदस्ती केली का तुला? तुझ्या वडिलांना विचार. ते म्हणाले येईल म्हणून."

"ते म्हनाले. खरं हाय."

"मग?"

मला बांधाचं बोलायचं होतं. हाफटाइमचं बोलायचं होतं. पण टांगेवाला मधेच समजुतीच्या आवाजात म्हणाला, "अरे, तू तरी नाय म्हनायचं होतंस ना. पाय तुजा होता." शिंपीकाकांनी मान हलवली. गुरुजी म्हणाले, "त्या वेळी सगळ्यांच्याच अंगात ढाल संचारली होती. आता कुणाला काय बोलायचं." आणि मॅनेजरकडे वळून त्यांनी विचारलं, "रेफरीनं तो दुसरा गोल दिला तेव्हा तुम्ही हरकत कुणाकडे नोंदवलीत?"

तो विषय संध्याकाळपर्यंत चालला.

तो गेल्यावर तिघांनी त्याचा निकाल लावला. गुरुजी परीक्षेचे गुण देतात तसे बोलत होते. पहिलं वर्ष चांगलं. दुसरं बरं, नशिबानं दगा दिला. तिसरं वाईट. एकंदरीत पास, पण वरच्या वर्गात घालण्यासारखा नाही. टांगेवाल्याला हे फार दयाळू वाटलं. माझा गुडघा दुसऱ्या वर्षात होता, आणि दुसरं वर्ष बरं होतं.

कोट मी नीट शिवला. वाईट शिवता आला असता, पण काम वाईट करायला माझे हात तयार होईनात. तो तोच कोट घालून पुढच्या हिवाळ्यात खोपोलीच्या टीमचा मॅनेजर म्हणून मैदानावर उभा राहिला. त्यांनी त्याला बोलावून नेलं होतं. तिथं त्याला बूट मिळाले, सरावाला माणसं मिळाली आणि त्यानं ढाल राखली. आमची टीम त्यांच्याकडूनच हरली.

मग ओट्यावरचं बोलणं फिरलं. माणूस हिऱ्यासारखा होता, आपल्याला सांभाळता आला नाही. शेटला काय कळतं. कारणं सांगायचा, पण कारणं खरी होती की. टांगेवाला खोपोलीला जाऊन त्याला भेटून आला आणि त्यानं आपल्याला ओळखलं हे आठवडाभर सांगत राहिला. दोनेक वर्षांनी कमिटीनं त्याला परत आणलं. स्टेशनपासून बाजारपेठेपर्यंत ताशे वाजवत नेला. शिंपीकाकांनी दुकान बंद ठेवलं. टीमचे नवे सदरे मात्र मलाच पुरे करायचे होते, म्हणून मी एक फळी उघडी ठेवून आत शिवत राहिलो. मिरवणूक दुकानासमोरून गेली तेव्हा त्याच्या गळ्यात झेंडूचा हार होता. त्यानं दुकानाकडे बघून हात केला. मला केला की शिंपीकाकांच्या पाटीला, ते कळलं नाही.

पुन्हा तो एक वर्ष जिंकला, एक वर्ष हरला, आणि पुन्हा त्याला काढलं. या वेळी तो कर्जत सोडून नाशिककडे सासुरवाडीला गेला आणि परत आला नाही. त्याच्या जाण्यावर ओट्यावर आठवडाभर चर्चा झाली. गुरुजी आता पेन्शनीत निघाले होते, टांगेवाल्याचा टांगा मुलगा हाकत होता, पण बसायला दोघेही यायचे. बोलता बोलता गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अरे, तू तर त्याच्या हाताखाली खेळलास. तुझं मत काय?"

इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मी मशीन थांबवलं. काय बोलायचं ते मला ठाऊक होतं, मनात कितीदा बोललो होतो.

"त्यानं मला खेळायला शिकवलं," मी म्हणालो. "तसं कुनी शिकवलं नसतं. आन् त्यानंच माजा पाय घालवला. हाफटाइमला मी नाय म्हनालो होतो. दोन्ही धरा."

गुरुजींनी माझ्या पसरलेल्या पायाकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते काही बोलतील.

"हो, ते आहेच," ते म्हणाले. "पण ते तुझं घरचं झालं. आपण टीमचं बोलतो आहोत."

टांगेवाल्यानं लगेच बुटांचा विषय काढला. शिंपीकाका म्हणाले, बूट नव्हे, ब्लॅडर. मी कापड सुईखाली सरकवलं आणि मशीनचा दांडा फिरवायला सुरुवात केली.